एका बाजूला जाड पापड

सासूबाईंवर, म्हणजे अक्कांवर, माझा संशय होता आणि तो उगीच नव्हता. पीएचडीचा प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले होते, शेवटचं प्रकरण अर्धवट होतं, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात अक्कांचं माझ्याशिवाय पापडांचं काम अडायला लागलं. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत उडदाचे पापड आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असे लाटतात. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. इतक्या वर्षांत अक्कांनी मला कधी आग्रह केला नव्हता. आता मात्र मी टेबलावर कोपर टेकून लिहायला बसले, की त्या दारात हजर.

"चाल, दोन लाट्या लाटी ये."

सून डॉक्टर होणार हे बघवत नाही, दुसरं काय! मी तणतणत जायची, लाटता लाटता डोक्यात तळटिपा जुळवायची. हात काय करताहेत याकडे माझं लक्षच नसायचं. अक्का माझे पापड वेगळ्या सुपात ठेवायच्या. एकदा त्यातला एक उजेडात धरून त्या शेजारणीला दाखवत होत्या. मला बघताच त्यांनी तो घाईनं सुपात टाकला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्याजणी लाटत असतानाच मी ते सूप उचललं.

"माझे पापड गल्लीभर दाखवत फिरताय का?"

अक्का चिडल्या नाहीत. त्यांनी एक पापड माझ्यासमोर धरला. डावीकडे पलीकडची बोटं दिसावीत इतका पातळ, उजवीकडे जाड.

"बठ्ठा असाच शेतस. पैले तुना पापड असा नव्हतात."

"असतील सगळेच तसे. लक्ष नव्हतं माझं."

"हातमा जोर नई शे तुना. डोया मिच. मी चिमटा लिसू तव्हय सांग."

चिमटा काढला की सांगायचं म्हणे! हाही त्यांचा डावच असणार. सगळ्यांसमोर जोरात चिमटा काढून मला किंचाळायला लावायचं असेल. किंचाळायचं नाही असं ठरवून मी डोळे मिटले, उजवा हात पुढे केला आणि दात आवळून वाट पाहत राहिले. लाटण्यांचा आवाज थांबला. मला आणखीच राग आला.

"घ्या ना लवकर. लिहायला बसायचंय मला."

"कव्हयना लिधा शे," अक्का म्हणाल्या. "आते भी धरेलच शे."

कधीचा घेतलाय? घाबरून मी डोळे उघडले. माझी करंगळी त्यांच्या दोन नखांमध्ये पांढरीफटक पडली होती.