वाटीखालचं हाड

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला अर्धा मी, आणि तो त्या साली कामातून गेला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना घसरलो नि उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची शीर तुटली. बीडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाय मी सांगतो तसाच हळूहळू वाकवायचा, तेल लावून चोळायचं अजिबात नाही.

पण हे मायला कोण सांगणार? आमच्याकडं दवाखान्यातून आलेला माणूस चोळल्याशिवाय बरा झाला असं धरतच नाहीत. टाके सुकले तशी ती रोज सकाळी करडईचं तेल गरम करून बसायची. अंगठे रुतवून असं चोळायची की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"डॉक्टर नको म्हनलाय," मी म्हणालो.

"त्याच्या मायनं त्याला चोळलं नसंल," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं. लहानपणानंतर तिनं मला इतका वेळ हात लावला नव्हता.

पावसानं त्या साली तोंडच दाखवलं नाही. पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला. रानात काम न्हाई, तेव्हा सहकारी कारखान्याची तोडणी तेवढी उरली. दसरा झाला की टोळी निघणार होती. तोवर मला कंबरेत आणि गुडघ्यात वाकता आलं पाहिजे, एवढंच मागणं होतं. पण पाय निम्मासुद्धा वाकेना.

परत बीडला गेलो. एक्स-रेच्या फोटोत वाटीखाली शिरेच्या जागी पांढरं दिसत होतं.

"शिरेत हाड धरलंय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननंतर कधीकधी आपोआपही होतं. चोळलं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. का खोटं बोललो, माझं मलाच ठाऊक नाही.

"यंदा तोडणीला जाऊ नका," ते म्हणाले.

घरी माय उंबऱ्यातच बसली होती. हाड वाढलंय, एवढंच सांगितलं.

"मग चांगलंच की. भरून यायलंय," ती म्हणाली.

मला राग आला होता, लई आला होता. पण तिचं समाधानी तोंड बघून चोळण्याचं नाव काढलं नाही.

टोळीचा मुकादम आला. लंगडा पाय बघून म्हणाला, "अर्धा कोयता घेऊन मी काय करू?"

त्याचं खरंच होतं. तेवढ्यात माय पदर खोचत बाहेर आली. साठी कधीच मागं पडलेली. म्हणाली, "सुनंसंगं मी येते. मोळ्या बांधायला हात लागत्यात, वय न्हाई."

मी नको नको म्हणत राहिलो. "तू पोरं सांभाळ," म्हणाली, आणि विषय संपवला.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी तिनं तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "रोज चोळ. आळस करू नको, अजून हाड भरायचंय."

मी बरं म्हणालो. ट्रॉलीत चढताना तिचाच गुडघा वाकेना, तेव्हा माझ्या बायकोनं तिला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं.