तात्यांचा स्पॅनिश नमस्कार

लोक मला विचारतात, "मॅडम, तुमच्याकडं एवढे किस्से येतात कुठून?" येतात कुठून म्हणजे? एक काम करणाऱ्या माणसाची एक पिशवी भरते, माझ्या दोन आहेत! सोमवार ते शनिवार मी परभणीच्या एका कॉलेजात स्पॅनिश शिकवते आणि रविवारी ताडकळसला पोरींचं नाटक बसवते. कॉलेजवाल्यांना वाटतं, बाई चांगली आहे, पण तिला नाटकाचं खूळ आहे. ताडकळसला वाटतं, बाई नाटकाची चांगली आहे, पण ते स्पॅनिशचं खूळ कुणीतरी उतरवायला पाहिजे. या ओढाताणीत किस्से साठत जातात, माळ्यावरच्या रिकाम्या बरण्यांसारखे. ठेवायला जागा नाही आणि टाकवतही नाहीत.

मी मूळची पूर्णेची, वडील रेल्वेत. हैदराबादला जाऊन स्पॅनिश शिकून आले तेव्हा आईला वाटलं, पोरगी आता विमानानं जाईल. पोरगी एसटीनं ताडकळसला जायला लागली. सासूबाई अजूनही पाहुण्यांना सांगतात, "तशी ती इंग्रजीच शिकवते, पण जरा वेगळ्या पद्धतीनं."

*

कॉलेजात आमचे रशीदभाई आहेत. हुद्दा शिपायाचा, पण प्राचार्यांचा वचक संपतो तिथून यांचा सुरू होतो. मी रुजू झाले त्या दिवशी वर्गाचं कुलूप काढता काढता त्यांनी चौकशी केली.

"मॅडम, ये भाषा बोलते कित्ते लोगां?"

मी छाती फुगवून सांगितलं, "वीसेक देशांत बोलतात, रशीदभाई!"

"परभणी में कौन बोलता?"

"सध्या मीच."

त्यांनी कुलूप खिशात घातलं आणि माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "फिर तुम बोलते किससे?"



*

ताडकळसला समाजमंदिरात तालीम असते. पहिल्या रविवारी सात पोरी आल्या. मी खूश! मग मोजलं तर खोलीत अठरा माणसं. बाकीची अकरा कोण?

"आमी सोबतीला आलोय," गयाआजी म्हणाल्या.

आमच्याकडं पोरगी एकटी कुठं जात नाही. दळणाला जायचं तरी सोबत लागते, मग नाटकाला तर काय! कुणाची आजी, कुणाची चुलती, कुणाचा भाऊ. सगळे भिंतीला टेकून ओळीनं बसायचे. गयाआजी येताना सूप आणि तूर घेऊन यायच्या. नायिका हुंदका द्यायची आणि मागं सूप वाजायचं, फटाक फटाक. मी चिडले. मी चिडायला फार वेळ घेत नाही.

"आजी, तालीम चाललीय!"

"चालू द्या की. मी कुटं अडवायलेय? हात चालतोय माजा, तोंड न्हाई."

एकदा त्यांची नात तापानं पडली. तालीम बुडणार म्हणून मी कपाळाला हात लावला, तर गयाआजी सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. "पोरगी बरी होईस्तवर मी करते." सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीचं काम त्यांनी तोंडपाठ करून दाखवलं, वर वेणी उडवायचा अभिनयही केला. नात बरी झाली तेव्हा आजीला उठवायला मला दोन रविवार लागले!

मागच्या गणपतीत प्रयोग झाला. ऐन रंगात एक पोरगी वाक्य विसरली. मी विंगेतून हळूच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सोबतीला आलेल्यांची अख्खी पहिली रांग एका सुरात बोलली, "बाबा, मला सायकल पायजे!" पोरीच्या आधी टाळ्या त्यांनाच पडल्या. मी तेव्हापासून प्रॉम्प्टर ठेवत नाही.

*

या सोबतवाल्यांत एक भगवानतात्या. पांढरी टोपी, जाड मिशा, शिस्तीचे. त्यांची रुक्मिणी माझ्या नाटकातली सगळ्यांत गुणी पोरगी. तात्या एक रविवार चुकवायचे नाहीत. पोरगी स्टेजवर आणि बाप समोर.

आता बाप समोर बसल्यावर पोरींचा आवाज निघेल का? मराठीत रागवायला सांगितलं, तर पोरी नसलेला पदर ओढायला लागायच्या. मग जूनमधल्या एका रविवारी मला युक्ती सुचली. म्हटलं, "जिला जे ओरडून सांगायचंय ते स्पॅनिशमध्ये सांगा! इथं कुणाच्या बापाला कळणार नाही. वाक्य मला कानात सांगा, मी स्पॅनिश करून देते."

पोरी सुटल्याच! एक भावावर ओरडली, एक गणिताच्या सरांवर. रुक्मिणी शेवटी आली. तिनं माझ्या कानात वाक्य सांगितलं. मी तिच्याकडं पाहिलं, मग वहीत लिहून दिलं. ती खोलीच्या मध्ये गेली, बापाकडं तोंड केलं आणि ओरडली,

"नो किएरो कासार्मे! किएरो एस्तुदियार!"

म्हणजे, मला लग्न करायचं नाही! मला शिकायचंय!

सूप थांबलं. तात्या उठले. मी वही पाठीमागं लपवली. आणि तात्यांनी टाळ्या वाजवल्या! "लय खणखणीत आवाज लागला! पर म्हनलीस काय गं?"

रुक्मिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"या, बसा, चहा घ्या... असं म्हनले, तात्या."

"मंग एवढं वरडून?"

"तिकडं मोठ्यानंच म्हनतात."

तात्यांनी खात्रीसाठी मला विचारलं, "व्हय का, मॅडम?" मी मान हलवली. इतकी वर्षं शिकवलं, पण इतकं चुकीचं भाषांतर मी कधी केलं नव्हतं.

*

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण तात्यांना तो नमस्कार फारच आवडला! घरी आलेल्याला म्हणायला बरं, म्हणून त्यांनी पोरीकडून तो पाठ करून घेतला. कापसात खुरपताना घोकला. पुढच्या रविवारी मी एसटीतून उतरले, तर भर स्टँडवर तात्या हात जोडून उभे.

"नो किएरो कासार्मे! किएरो एस्तुदियार!"

चार माणसांत मिशीवाला बाप्या मला ओरडून सांगतोय की त्याला लग्न करायचं नाही, शिकायचंय! मी काय करणार? मीही हात जोडले. पानटपरीवाल्यानं तात्यांना विचारलं, "काय म्हनलाव?" तात्या ऐटीत म्हणाले, "आपल्याला येतंय त्यातलं."

जुलैत चारठाण्याकडचे पाहुणे रुक्मिणीला बघायला आले. तात्यांनी दारातच हात जोडून त्यांना तोच नमस्कार ठणकावला. पाहुण्यांनी अर्थ विचारला, तात्यांनी सांगितला. मुलाचे वडील इतके खूश झाले की म्हणाले, "घर सुधारलेलं दिसतंय! दिवाळी झाली, तुळशीचं लगीन लागलं, की पक्कं करायला येतो."

रुक्मिणी मला हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. "मॅडम, माझंच वाक्य म्हनून माझंच लगीन ठरवायलेत वो!"

मला आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, "सांगून टाक त्यांना खरं."

"बारावी झाली तेवढं बास, असं म्हनतात. खरं सांगितलं तर नाटकबी बंद."

*

त्याच महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, भाषा मोठी आहे, पण वर्ग लहान आहे. पंधरा प्रवेश झाले तर कोर्स चालेल. नाहीतर तुमच्यासाठी पर्यावरणाचे तास बघून ठेवलेत."

प्रवेश झाले होते तेरा. मी तडक ताडकळस गाठलं. "तात्या, दिवाळीपर्यंत तरी पोरीला कोर्सला पाठवा. सर्टिफिकेट मिळतं."

"माझी ना कुटं हाय? पर परभणीला सोबत कोन जाईल?"

पहिल्या दिवशी तात्याच सोबतीला आले आणि शेवटच्या बाकावर बसले. रशीदभाई लगेच हजर. "चचा, आय-कार्ड दिखाओ."

"मी सोबतीला आलोय."

"तो सोबत का आय-कार्ड दिखाओ!"

तात्यांना बाहेर काढलं. ते लिंबाखाली बसले. दुसऱ्या दिवशी ऊन फिरलं तसे खिडकीत येऊन उभे राहिले. मी शिकवतेय आणि खिडकीत टोपी! पोरं माझ्याकडं बघेनात. तेवढ्यात व्हरांड्यातून प्राचार्य आले आणि विचारलं, "खिडकीत कोण आहे?" माझं डोकं फिरलं.

"तात्या, शिक्षण किती तुमचं?"

"बारावी."

"पास?"

"दुसऱ्या खेपेला."

"मार्कमेमो आहे?"

"ट्रंकेत हाय."

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून मार्कमेमो आला. रुक्मिणी चौदावी आणि तात्या पंधरावे! प्राचार्यांनी फॉर्म उलटासुलटा पाहिला, पण वयाची अट कुठंच सापडेना. रशीदभाईंनी स्वतः आय-कार्ड बनवून आणून दिलं. तात्या ते गळ्यात घालून त्यांच्याच समोरून तीनदा गेले.

मी स्टाफरूममध्ये पेढे वाटत होते, तर रुक्मिणी दारात. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, काय केलं वो तुमी! आता ते शिकनार. एक ना एक दिवस त्यांना त्या वाक्याचा अर्थ लागनारच की!"

माझ्या हातात पेढा तसाच राहिला. कोर्स वाचवायच्या नादात मी पोरीला खड्ड्यात घातलं होतं आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

*

"पाहिजे" हा शब्द आमच्या पुस्तकात नवव्या धड्यात येतो. मी आठव्यावरच मुक्काम ठोकला. अंक दोन आठवडे, फळं तीन आठवडे. इतकं सावकाश स्पॅनिश जगात कुणी शिकवलं नसेल! आणि वर्गात सगळ्यांत हुशार निघाले तात्या. गैरहजेरी नाही, वही स्वच्छ, गृहपाठ एसटीत पूर्ण. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, फळं बास झाली. पुढचा बाजार दाखवा."

दिवाळीच्या सुट्टीआधी नववा धडा काढावाच लागला. मी फळ्यावर "किएरो" लिहिलं.

"हे आपल्या नमस्कारातलं हाय!" तात्या आनंदानं ओरडले.

मी अर्थ लिहिला. खाली "एस्तुदियार" लिहिलं, त्याचाही अर्थ लिहिला. तात्यांनी दोन्ही उतरवून घेतले. मग भुवया आवळून त्यांनी माझ्या टेबलावरचा शब्दकोश मागून घेतला. राहिलेला शब्द, "कासार्मे", ते स्वतः शोधायला लागले. बोट पानावरून सरकत होतं आणि रुक्मिणी बाकाकडं बघत होती. बोट थांबलं. तात्यांनी टोपी काढली, परत घातली.

"पानी पिऊन येतो, मॅडम."

तास संपला तरी ते आले नाहीत. एसटीत बापलेक शेजारी बसून गेले. रुक्मिणीनं मागून सांगितलं, वाटेत तात्यांनी एवढंच विचारलं, "शेंगा खाती का?" तिनं नको म्हटलं.

त्या रविवारी मी स्टँडवर उतरले. तात्या उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "राम राम." एवढंच. इतके दिवस तो नमस्कार ऐकून मी जीव मुठीत धरत होते, पण त्या राम रामनं मला रडू आलं.

*

तुळशीचं लग्न लागलं आणि तात्यांचा निरोप आला. "मॅडम, येत्या रविवारी घरी या. पाहुने येनार हायेत."

माझी एकटीनं जायची हिंमत होईना. मी गयाआजींना म्हटलं, "चला ना माझ्यासोबत." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता कळालं का, सोबत कशाला लागती!"

जीप आली. चारठाण्याचे चौघे उतरले. तात्या दारात उभे होते, शर्टाला इस्त्री आणि गळ्यात कॉलेजचं आय-कार्ड. आत स्वैपाकघराच्या दारात रुक्मिणी चहाचा ट्रे घेऊन उभी. 

मुलाचे वडील लांबूनच हसले. "तात्या, तुमचा तो नमस्कार होऊ द्या की! गावात सगळ्यांला सांगितलंय मी."

तात्यांनी वळून एकदा रुक्मिणीकडं पाहिलं. मग हात जोडले आणि समाजमंदिरात ती ओरडली होती अगदी त्याच आवाजात ओरडले,

"नो किएरो कासार्मे! किएरो एस्तुदियार!"

"कळालं, कळालं!" पाहुणे हसत हसत बसले. "या, बसा, चहा घ्या!"

तात्या हसले नाहीत. त्यांनी रुक्मिणीच्या हातातला ट्रे स्वतःच्या हातात घेतला आणि पाहुण्यांसमोर धरला.

"न्हाई, पाहुनं. तवा आमचा नववा धडा झाला न्हवता. आधी चहा घ्या, मंग खरा अर्थ सांगतो."