शुभाने आणलेला पावणा

शुभाचा शेवटचा निरोप माझ्या फोनमध्ये आहे आणि तो ऐकताना फोन कानापासून लांब धरावा लागतो. "मंगे! अगं भुंकला! पावण्या भुंकला! बेल वाजली आणि असा भुंकला, असा भुंकला की अख्खी बिल्डिंग बाहेर आली! अण्णांची कवळी पडता पडता राहिली! तू कुठे मेलीयेस? ये ना लवकर!" मागून अण्णा, म्हणजे तिचे वडील, काहीतरी ओरडतायत, आणि त्यांच्याही मागून एक जाडजूड, खर्जातला 'भॉ'... त्या घरात त्याआधी कुणीही न ऐकलेला. पावण्या म्हणजे शुभाचा कुत्रा. ग्रेट डेन जातीचा, उभ्या उभ्या जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकवणारा, आणि या घरात आल्यापासून वर्षभर तोंडातून आवाज न काढलेला. मी मुलुंडला घरी भाजी निवडत बसले होते. "उद्या सकाळीच येते, मलाही ऐकव," असं उत्तर मी पाठवलं. सकाळी निघायच्या आतच अण्णांचा फोन आला. "मंगल, शुभा उठणा नाय गो..." एवढंच बोलले. ती झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला आता दीड महिना झाला. लोक भेटतात, हळू आवाजात शुभाबद्दल विचारतात, आणि मीही हळू आवाजातच सुरुवात करते. पण दोन वाक्यांत माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात. काय करू? ती बाईच तशी होती. शाळेत खेळाची शिक्षिका, लग्न केलं नाही, विक्रोळीला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत अण्णांबरोबर राहायची. अण्णा मालवणकडचे, एके काळचे गिरणी कामगार, आता गुडघ्यांमुळे घरात अडकलेले. आम्ही दोघी एकाच बाकावर वाढलो. मी सगळ्याला घाबरणारी आणि ती कशालाच न घाबरणारी, त्यामुळे आमचं छान जमलं.

गेल्या वर्षीच्या एका शनिवारी तिचा फोन आला. "तुझी गाडी पाहिजे. तू पण पाहिजेस. विचारू नकोस काही." मी विचारलं नाही, म्हणून तर गेले. मुलुंडच्या टोकाला आसावरीताई नावाच्या एक बाई स्वतःच्या जागेत सोडवून आणलेली जनावरं सांभाळतात. तिथे तो होता. त्याआधी देवनारच्या बाजूला कुठल्याशा बंद गोदामाच्या आवारात, पत्र्याखाली, साखळीला बांधून ठेवलेला. मालकाने राखणीला म्हणून आणला आणि विसरून गेला. उन्हापावसात तसाच. आठवण झाली तर कुणी शिळंपाकं टाकायचं. बरगड्या नुसत्या वर आलेल्या, कोपरांवर घट्टे, नखं वाढून वळलेली, आणि गळ्यावर पट्ट्याने केस घासून गेलेलं एक गुळगुळीत कडं. पिल्लू नव्हता तो, चांगला चार-पाच वर्षांचा गडी होता. मी फाटकापाशीच थांबले. एवढा मोठा कुत्रा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आसावरीताईंनी त्याला मोकळं सोडलं. आवार मोठं होतं, झाडं होती, दुसरे कुत्रे धावत होते. हा उठला आणि चालायला लागला... गोल. एकाच मापाचा गोल. फिरून फिरून तिथेच. जरा कुठे पाऊल बाहेर पडेल असं वाटलं की आपोआप वळायचा, जणू मानेला हिसका बसला. "साखळी तेवढीच लांब होती," आसावरीताई म्हणाल्या. "काढली तरी त्याला कळलेलं नाही. दोघांनी नेला आणि परत आणून दिला. नीट विचार करा, शुभांगीताई." शुभा गप्प उभी होती. मुलींना मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारणारी शुभा, गप्प! मग नाक ओढून म्हणाली, "मी आयुष्यभर पोरींना पळायला शिकवलंय. याला नाही शिकवणार? हा माझा."

ती घरवापसी मला जन्मभर पुरेल. माझी गाडी छोटी. मागच्या सीटवर शुभा, तिच्या मांडीवर त्याचं मागचं धूड, आणि पुढचा भाग... पुढचा भाग माझ्या खांद्यावर! लाळ थेट ब्लाउजमध्ये. मी हायवेवर रामाचं नाव घेत स्टिअरिंग धरून बसलेली आणि मागून ही बया ओरडतेय, "घाबरू नकोस गं, तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय!" सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने मान वाकवून पाहिलं. "मॅडम, घोडा है क्या?" शुभा म्हणाली, "हां भय्या, रेस का है! अभी देखना!" बरगड्या मोजून घ्याव्यात अशा त्या कुत्र्याकडे बघून तो रिक्षावाला इतका हसला की सिग्नल सुटल्याचं त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

घरी खरी पंचाईत झाली. दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी खिळला. घर ही गोष्टच त्याला ठाऊक नव्हती. ओढून चालणार नव्हतं, उचलणं शक्य नव्हतं. शुभा पायरीवर बसकण मारून त्याच्याशी गप्पा मारत राहिली. आत अण्णा जेवायला बसले होते. त्यांना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "शुभा, हो कुत्रो काय वासरू?" "कुत्रा आहे, अण्णा." "आणि हो पावणो किती दिस रवतलो?" "कायमचा." अण्णांचा चेहरा असा झाला की मी परत गाडीची किल्ली काढली. ते बराच वेळ जेवले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले. तोही उंबऱ्याबाहेरून त्यांच्या ताटाकडे. मग म्हाताऱ्याने बांगड्याच्या तुकड्यातला काटा अन् काटा काढला, भातात कालवला, मोठा गोळा केला आणि दारापासून हातभर आत जमिनीवर ठेवला. "पावण्याक दारात उपाशी ठेवतत काय? ये मरे." त्याने मान लांब केली. पुरेना. एक पाय आत टाकला. मग दुसरा... गोळा गेला! अण्णांनी दुसरा ठेवला, जरा आणखी आत. तिसरा त्याने अण्णांच्या हातून घेतला. शुभा पायरीवरून मला चिमटे काढत होती, एवढ्या जोरात की दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा झाला होता. आसावरीताईंनी त्याचं नाव ब्राउनी ठेवलं होतं. त्या दिवसापासून तो पावण्या झाला.

पण गोल काही सुटेना. शुभा त्याला रोज सकाळी शाळेच्या मैदानावर न्यायची. मोकळा सोडला की याची तीच फेरी सुरू. मग तिने मैदानावर रेषा आखायची पांढरी फक्की घेतली आणि त्याच्या फेरीभोवती गोल आखला. रेषेच्या अगदी काठावर उकडलेल्या चिकनचे तुकडे. ते तो बिनघोर खाऊ लागला की पुढचा गोल जरासा मोठा. कधी दोन पावलं पुढे, कधी फटाके वाजले किंवा ट्रकचा आवाज आला की पुन्हा मागे. मला फोन करून रोजचा अहवाल. "मंगे, आज पिंपळापर्यंत गेला!" "मंगे, आज परत आकसला गं... जाऊ दे, उद्या." शाळेतली कुठली पोरगी स्पर्धेत पहिली आली तरी ही एवढी नाचत नसे. त्याच्या अंगावर मांस धरलं, कातडी चकाकायला लागली, घट्टे मऊ झाले. गोल मोठा होत होता, पण गोलच होता. धावणं तर सोडाच.

आणि मग तो रविवार! "वर्सोव्याला जाऊया," ती म्हणाली. "समुद्रावर कुठे रेषा असते?" ओहोटी होती, वाळू दूरपर्यंत ओली आणि घट्ट. बाजूला कोळणी दांड्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. शुभाने दोरी सोडली. पावण्याने एक मोठी फेरी मारली आणि थांबला. शुभाने चपला माझ्याकडे फेकल्या, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि समोर बघून सुसाट पळत सुटली. साठीला टेकलेली बाई! "पावण्याऽऽ! ये रे माझ्या राजाऽऽ!" तो बघत उभा. त्याने एक पाय उचलला, माझ्याकडे पाहिलं... हो, माझ्याकडेच पाहिलं, आणि मी, कुत्र्यांना घाबरणारी मी, जिवाच्या आकांताने ओरडले, "जा!"

तो गेला! देवा, काय गेला! आधी वेडावाकडा, पाय पायांत अडकत, मग लांब, मग आणखी लांब झेपा. शुभाला मागे टाकलं, कान उलटे, वाळू उडतेय. "अगो बाय, घोरा सुटला गो!" कोळणी ओरडल्या. तो पुढे, पुढे, आणखी पुढे, आणि एका क्षणी तो नुसता ठिपका राहिला. मी धापा टाकत शुभापाशी पोचले. "अगं, परत नाही आला तर?" ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती, हसत होती की रडत होती कळत नव्हतं. "नाही आला तर नाही आला. पळाला ना, मंगे! तू पाहिलंस ना? पळाला!" पण तिचे डोळे त्या ठिपक्यावरून हलत नव्हते. ठिपका थांबला. वळला. मोठा होऊ लागला. वाटेत दांड्यांकडे जरा वाकडी वाट करून साहेब परत आले ते तोंडात बोंबील घेऊन! मागून कोळीण शिव्या देत, मग शुभाचा चेहरा बघून शिव्या विसरून उभी राहिलेली. "तुजा हाय काय गो?" तिने विचारलं. शुभाने त्याच्या ओल्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली. "माझा आहे, मावशी. माझाच आहे!" मावशीने आणखी दोन बोंबील काढून दिले.

ती गेल्यावर नातेवाईक जमले तेव्हा शुभाच्या चुलतभावाने समजूतदारपणे विषय काढला, की अण्णांच्या वयात एवढं धूड कोण सांभाळणार, परत सोडून येऊ. अण्णा खाली मान घालून बसले होते. एवढं ऐकून मात्र मान वर केली. "खय सोडतलास? घर तेचा आसा." विषय संपला. दुपारी त्यांनी काटे काढून भात कालवला. पावण्या जेवेना. अण्णाही जेवेनात. दोघं एकमेकांकडे बघत बसले, आणि मग, कुणी आधी सुरुवात केली ते मला दिसलं नाही, पण थोड्या वेळाने ताट रिकामं होतं.

सकाळी त्याला बाहेर न्यायला आता मी येते. मुलुंडहून! घरचे म्हणतात, तुला झालंय काय. महिनाभर मी त्याला नुसती रस्त्यावरून फिरवून आणायची. मैदानाकडे पाय वळत नव्हते. गेल्या सोमवारी त्यानेच ओढत नेलं. शुभाच्या मुली खो-खोचा सराव करत होत्या, आपल्या आपणच. मुली मधल्या पट्टीवर ओळीने बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एका चौकोनात जागा रिकामी होती. पावण्याने माझ्या हातातून दोरी सोडवली, डुलत डुलत गेला आणि त्या रिकाम्या चौकोनात जाऊन बसला. बरोबर उलट्या दिशेला तोंड करून! शुभाने हे कधी सांगितलं नव्हतं. "अगं, हे काय?" ओळीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, कुणी गैरहजर असलं की बाई त्यालाच बसवायच्या. तो आऊट करत नाही कुणाला, नुसता पळतो. पण बाईंशिवाय कुणी खो दिला तर उठत नाही."

मुली माझ्याकडे बघत होत्या. तो नव्हता बघत. त्याची पाठ माझ्याकडे होती, रुंद, तुळतुळीत, कान मागे लावून वाट बघणारी. मी साडीचा पदर खोचला. पट्टीच्या कडेने धावत गेले, गुडघे कुरकुरले, पोहोचले, दोन्ही हात त्याच्या पाठीवर टेकले आणि पोटातून ओरडले, "खो!"

आणि तो उठला! मुली किंचाळत दाही दिशांना पळाल्या.