रांजणाकडे जाणारी पायवाट

घळीत पाऊल टाकलं तेव्हाच व्हर्नाचा डावा गुडघा म्हणाला, बास. तिने त्याला शिवी हासडली आणि काठी पुढे रोवली.

एकोणीस वर्षं ती या लाल घळींची राखण करत होती, बिनपगारी. कपारींतली पूर्वजांची घरं राखायला होपी जमातीच्या माणसाला पगार कशाला, असं सभांमधून तावातावाने सांगायची. आता डॉक्टरने चढण बंद केली होती. आज शेवटची फेरी. वरच्या कपारीतल्या रांजणाचा निरोप घ्यायचा, एवढंच. तो तिलाच सापडला होता आणि जागा तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत सांगितली असती तर आठवड्यात रांजण कपाटात गेला असता, पोटावर नंबर चिकटवून.

"मेहुणीबाई, जागा सांगा आणि इथे बसा. तुमचा निरोप मी पोचवतो," मागून एल्गिन म्हणाला. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

"म्हणजे संध्याकाळी गावभर. तुझ्या तोंडाला झाकण कुठाय?"

"रांजणाला तरी आहे का?"

ती हसली नाही. दम लागला होता.

पुढे शेवाळाचा पापुद्रा धरलेली काळी, खरबरीत माती लागली. हिच्यावर पाऊल उमटलं की वर्षानुवर्षं मिटत नाही. म्हणून व्हर्ना दरवेळी आपल्याच जुन्या पावलात पाऊल ठेवून जायची. त्याचा तिला कोण अभिमान! आज त्याच पावलांत कुणा परक्याच्या बुटांचे ठसे होते. जाड नक्षीचे, ताजे.

ती ठेचकाळत ठशांमागे गेली. उघड्या खडकापाशी ते घुटमळले होते आणि परत फिरले होते. कपार सापडली नव्हती.

"सुटलो," ती म्हणाली.

एल्गिन मात्र खालीच बघत होता. "इथून मेंढरं नेतात का हो? वाट केवढी मळलीय."

तिने मागे पाहिलं. हातभर रुंद, सरळ, थेट कपारीकडे बोट दाखवणारी वाट. मेंढरं कसली! एकोणीस वर्षं एकच बाई चालली होती तिच्यावरून.

"चला की. आलोच आहोत."

"नाही."

रांजण तिथून दोनशे पावलांवर होता. व्हर्नाने रांजणाला वाहायला आणलेलं मक्याचं पीठ कमरेच्या पिशवीतून काढून खडकाच्या पायथ्याशीच ठेवलं. मग दोघांनी जुनिपरच्या वाळक्या फांद्या ओढून वाटेवर आडव्यातिडव्या टाकल्या, उतरता उतरता, पार ओढ्याच्या वाळूपर्यंत.

"मधल्या फटी उद्या माणसं आणून झाकू," एल्गिन धापा टाकत म्हणाला.

"उद्या इथे कुणी यायचं नाही. मीसुद्धा."

त्याने खांदा पुढे केला. तिने एक शिवी दिली आणि धरला.