साळूबाईची भट्टी

साळूबाई काचारीण बांगड्या भरताना समोरच्या हाताकडे कधी पाहत नसे. बोटांनी मनगट चाचपून ती नेमक्या मापाची बांगडी चढवी; डोळे मात्र गाड्यांच्या वाटेवर. लग्न होऊन अकोल्यात आल्यावर मी पहिल्यांदा तिच्यापुढे हात धरला, तेव्हा मला रागच आला होता. सासूबाई हळूच म्हणाल्या, "कापसाच्या गाड्यांबरोबर नवरा गेला तिचा. अजून परतला नाही."

मुलांनो, तिकडच्या संग्रहालयात काचेच्या मूर्ती पाहिल्याचे तुम्ही कळवलेत, म्हणून हिची आठवण लिहिते. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. गाडीवान मागतील ती मजुरी मिळे. साळूबाईच्या नवऱ्याने बांगड्यांची भट्टी बायकोवर सोपवली आणि बैल जुंपले.

एकटी पडल्यावर ती फुटक्या बांगड्यांच्या मूर्ती करू लागली. मातीच्या साच्यात रंगीत तुकडे भरून साचा भट्टीत ठेवी. काच वितळून साच्यात बसली की आग काढून भट्टीचे तोंड मातीने लिंपी आणि पुरती निवेपर्यंत उघडत नसे. घाई केली तर मूर्ती तडके. ती फक्त बैल करी, बसलेले, मान वळवलेले. उन्हात धरले की त्यांच्या पोटात हिरव्या-तांबड्या रेघा दिसत.

"इकत काहून नाही वो?" शेजारीण विचारी.

"कोन घेते? हा बैल ना गाडीले, ना नांगराले."

"मंग करतं काहाले?"

"घरात कोनी पाह्यजे ना, माय."

एके दिवशी बाळापूरचा एक गाडीवान निरोप घेऊन आला. घाटाखाली तिचा नवरा तापाने पडला. त्याला झाडाखाली ठेवून बाकीच्या गाड्या पुढे गेल्या. परतताना तिथे कोणी नव्हते.

"दादा गेला, वयनी," दीर म्हणाला. "बांगड्या वाढव. किती दिवस एकटी रायशील?" त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागे. त्याने घरही पाहून ठेवले होते.

"मेलेला कोन पाह्यला? तू पाह्यला?"

"जिता असता तं आला नसता?"

बायका बांगड्या फोडायला दगड घेऊन आल्या, तेव्हा ती उसळली. "सरा तिकडे! लोकाईच्या फुटक्या बांगड्या म्या वेचल्या. माह्या फुटू देनार नाही." रिठ्याच्या पाण्यात हात भिजवून तिने एकेक बांगडी अखंड उतरवली, साच्यात ठेवली आणि भट्टी पेटवली. आग काढून तोंड लिंपताना दिराला म्हणाली, "निवू दे. बैल निंगाला का तू म्हनशील त्या घरी जाईन."

दीरही काचारीच. न निवलेली भट्टी उघड, असे तो कसा म्हणणार?

आठवड्याने तो आला. "गरम हाये," ती म्हणाली. महिन्याने आला. "गरम हाये अजून." दुसऱ्याच्या लिंपलेल्या भट्टीला काचाऱ्याने हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत होती. शेवटी तो चिडून, बांगड्या भरायला आलेल्या माझ्याकडे वळला. "तुमी तं काचारी नाही ना, बाई? तुमीच पाहा लावून."

 मी भट्टीच्या भिंतीवर तळवा टेकला. पाण्याच्या माठासारखी थंड होती.

"चटका बसतो हो," मी म्हणाले आणि हात पदरात घेतला.

तो पागोटे सावरीत निघून गेला. साळूबाईने ओल्या मातीचा गोळा घेतला आणि भट्टीच्या तोंडाची भेग लिंपू लागली.