हे कोणाच्या हातचं?

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी सिडनीत आल्यापासून अनोळखी माणसाच्या हातचा घास म्हणून पोटात जाऊ दिलेला नाही. एरवी माणूस अगदी साधा. पुण्याचे इंजिनिअर, पुलांची कामं बघतात, स्कोफिल्ड्सला घर आहे, मागच्या अंगणात कढीपत्ता आहे. पण समोर ताट आलं की पहिला प्रश्न, "हे कोणाच्या हातचं?" सुपरमार्केटचं आहे म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू कोणीतरी बेवारस वस्तू त्यांच्या ताटात वाढली. म्हणून दर शनिवारी ते गाडी काढतात, शहराबाहेर दीड-दोन तास जातात, आणि मधवाल्याला यंदा कोणती झाडं फुलली ते, अंडीवाल्या बाईंना कोंबड्यांची तब्येत आणि पाववाल्याला त्याच्या बरणीतल्या, पाव आंबवायच्या विरजणाचं वय विचारतात. पाववाला एकदा लाजत म्हणाला, "इलेव्हन यिअर्स, मेट." भाऊजींनी त्या बरणीला वाकून नमस्कार करायचाच बाकी ठेवला होता.

ताईच्या घरात मग पदार्थांना माणसांची नावं पडली. मध म्हणजे केविन, लोणी म्हणजे मार्गारेट. सिडनीतच गिरावीन या उपनगरात माझ्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंना मी पहिल्यांदाच तिच्याकडे घेऊन गेले होते. आम्ही बसतोय तोवर आतून ताईचा आवाज आला, "अहो, केविन संपला! आणि मार्गारेट कालपासून फ्रीजमध्ये आहे, तिला जरा बाहेर काढून ठेवा." काकूंनी ओढणी सावरली आणि हळूच मला विचारलं, "फार जवळचे होते का गं?"

या सगळ्या गोतावळ्यात भाऊजींचा जीव खरा अडकला होता तो शेरिलमध्ये. डोंगरातल्या एका वळणावर तिची तीस शेळ्या असलेली वाडी आहे. सत्तरीची, एकटी, शेळीच्या दुधाचं चीज करणारी बाई. महिन्यातून एका रविवारी ती कुरणात लांबलचक टेबल मांडते आणि पंचवीसेक माणसांना जेवू घालते. सगळं तिच्या नाहीतर शेजाऱ्यांच्या शेतातलं. भाऊजी पहिल्यांदा गेले आणि लोक आपापलं वाढून घेतायत हे बघून अस्वस्थ झाले. "पंगतीत असं असतं होय?" म्हणत त्यांनी भोपळ्याचं पातेलं उचललं आणि वाढायला निघाले. तिथली मंडळी "नो, आय ॲम गुड, मेट" म्हणाली की त्यांना तो संकोच वाटायचा. एका म्हाताऱ्याने ताटावर आडवा हात धरला, तर भाऊजींनी हातावर वाढलं. शेरिल हसून हसून खाली बसली. पुढच्या महिन्यात तिने त्यांच्यासाठी एप्रन शिवून ठेवला होता.

तिचा त्यांच्या जिभेवर फार विश्वास. नवं चीज झालं की ती आधी भाऊजींना चाखायला द्यायची. ते डोळे मिटून म्हणायचे, "शेळ्यांचा चारा बदललास ना?" आणि खरोखरच बदललेला असायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांना आठवडाभर ताप आला. उतरला. पुन्हा शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यानंतरच्या एका रविवारी मी आणि ताईही शेरिलकडे गेलो होतो. पाहुणे यायला तासभर होता, ताई मळ्यात बीन्स तोडायला गेली होती. शेरिलने एक तुकडा पुढे केला. "मला जरा कडवट वाटतंय. यू टेल मी, लव्ह."

भाऊजींनी डोळे मिटून चावलं. "ब्युटिफुल," म्हणाले.

शेरिलचा चेहरा खुलला. ती चीजची ताटं भरायला वळली. मी सहज एक तुकडा तोंडात टाकला, आणि थुंकायला गोठ्यामागे धावले. कडूजहर होतं. मागोमाग भाऊजी आले.

"भाऊजी, खरंच आवडलं तुम्हाला?"

ते शेळ्यांकडे बघत म्हणाले, "त्या तापाला तीन महिने झाले. तेव्हापासून काही कळतच नाही गं. वास नाही, चव नाही. भात खाल्ला काय आणि कागद खाल्ला काय. वाटलं, येईल परत."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर इथे कशाला बोलावलं असतं मला? आणि तुझी ताई रोज विचारते, मीठ बरोबर आहे ना. तिला काय सांगू?"

तेवढ्यात शेरिल ताटं घेऊन टेबलाकडे निघालेली दिसली. भाऊजींनी एप्रन काढला, घडी केली, तिच्याकडे चालत गेले आणि तो टेबलावर ठेवला. पुलाखाली भेग दिसली की कशी ती साहेबांना सांगावी लागते, तशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. चीज वाईट आहे असं माझी मेहुणी म्हणते, मला कळलं नाही, मी खोटं बोललो, सॉरी.

शेरिलने ती ताटं बादलीत उपडी केली. तिच्या चार दिवसांच्या कामाचं चीज होतं ते. मग एप्रन उचलून त्यांच्या हातात परत दिला. "मी तुला जिभेसाठी बोलावते असं वाटलं तुला? यू सिली मॅन. बीन्स वाढायचे आहेत, चल." त्या दिवशी भाऊजींनी कोणालाच आग्रह केला नाही. लोकांनीच मागून मागून घेतलं.

घरी परतताना गाडीत त्यांनी ताईला सांगायला तोंड उघडलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माहीत आहे मला. मागे एकदा आमटीत मीठ घालायचंच राहिलं होतं. तुम्ही दोनदा मागून घेतलीत आणि छान झालीय म्हणालात. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

पुढे थोडी चव परत आली, कॉफीची, कच्च्या कांद्याची. बाकीची यायची तेव्हा येईल, असं डॉक्टर म्हणतात. परवा मी स्कोफिल्ड्सला गेले तर दोघं मागच्या पायरीवर बसली होती, मध्ये शेरिलच्या चीजची बशी. खाण्यापिण्यावर कधी चार शब्द न बोलणारी माझी ताई एकेक तुकडा तोंडात घोळवून सांगत होती, "आधी आंबट लागतं. मग जरा खारट. आणि शेवटी, काय म्हणू, ओल्या गवतासारखं काहीतरी." भाऊजी डोळे मिटून तोच तुकडा सावकाश चावत होते. "हां," म्हणाले, "अजून सांग." मी आत जाऊन चहा टाकला, आणि बराच वेळ बाहेर नेला नाही.