पिमचा आवाज

अमेरिकेतल्या एडिसन गावात, ओक ट्री रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर वसुधा देवस्थळी जुने आवाज साफ करते. कुणाच्या मुंजीची व्हिडिओ टेप, कुणाच्या आजीच्या ओव्यांची कॅसेट. खरखर काढायची आणि फाइल करून द्यायची. नागपूरहून नवऱ्याबरोबर, प्रल्हादबरोबर आली तेव्हा तिला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, म्हणून घरबसल्या हे शिकली. कान असा तयार झाला, की फोनवर बोलणारा माणूस उभा आहे की आडवा, तेही ती सांगायची.

गेल्या मार्चमध्ये मार्जरी नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची इंग्रज बाई काठी टेकत जिना चढून आली. टॅक्सीवाल्यानं मागून ग्रामोफोनच्या तबकड्यांची पेटी आणून ठेवली.

"क्रॉफ्ट आणि पिम," ती म्हणाली. "त्यातले क्रॉफ्ट म्हणजे माझे वडील."

पूर्वी इंग्लंडात म्युझिक हॉल असत. गाणी, कसरती, नकला, सगळं एका तिकिटात. तिथं ही जोडी जमली आणि पुढे रेडिओवर गेली. क्रॉफ्ट करड्या आवाजात प्रश्न विचारायचा, पिम चिरक्या आवाजात भलतंच उत्तर द्यायचा.

वसुधाला निम्मे विनोद कळले नाहीत, पण आवाज पाठ झाले. वीस तबकड्या सुरळीत गेल्या. एकविसावीला काहीतरी खटकलं. एरवी क्रॉफ्टचं बोलणं तोडून मध्येच घुसणारा पिम आता निमूट थांबत होता. तिनं हेडफोन कानांवर दाबले. क्रॉफ्टचं वाक्य, मग श्वास. पिमचं वाक्य, मग श्वास. नाकातून, बारीक शीळ घातल्यासारखा. दोन्ही श्वास एकाच माणसाचे होते.

खाली दुकानात भर दुपारची गर्दी होती, तरी तिच्या अंगावर काटा आला. तिनं मार्जरीला फोन केला.

"मार्जरी, एकविसाव्या तबकडीपासून पिम बोलतच नाहीयेत ना?"



"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं," मार्जरी म्हणाली. "मालिका चालू असतानाच ते जानेवारीत न्यूमोनियानं गेले. अकरा भाग बाकी होते. ते बाबांनी दोन्ही आवाजांत केले. लोकांना कुणी कळवलंच नाही. पिमच्या नावानं पत्रं येत राहिली, त्यांची उत्तरंही बाबाच लिहायचे."

"आणि अकरा भाग झाल्यावर?"

"थांबलेच नाहीत. जेवताना मीठ मागायचे तेही पिमच्या आवाजात. आई उठून जायची. मी लहान, मला गंमत वाटायची. मग हळूहळू त्यांचा स्वतःचा आवाज घरात ऐकू येईनासा झाला. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी माझा हात धरला आणि पिमच्या आवाजात म्हणाले, 'मला आता घरी जाऊ द्या.' माझे वडील त्याआधी नेमके कधी गेले, मला अजून ठाऊक नाही." मग तिनं विचारलं, "फक्त त्यांचा आवाज वेगळा काढून द्याल?"

वसुधानं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्यानं दोघांना एकच माणूस ठरवलं. मग आठवडाभर बसून तिनं पिमचं एकेक वाक्य हातानं कापलं. उरले ते क्रॉफ्टचे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे रिकामी जागा.

मार्जरीनं दोन मिनिटं ऐकून हेडफोन काढले. "बाबा तर पिमची वाट बघताहेत. नको मला हे."

तेव्हा वसुधानं तिला शेवटच्या भागातला एक तुकडा ऐकवला. एरवी सफाईत असले आवाज काढूनच टाकतात. पिमचं वाक्य सुरू होण्याआधी क्रॉफ्टचा घसा दाटला होता. त्यानं आवंढा गिळला होता आणि मगच तो चिरका आवाज लावला होता. सगळं मिळून एक सेकंद.

मार्जरीनं ते तीनदा ऐकलं. "हे बाबा," ती म्हणाली. तेवढीच फाइल घेऊन ती गेली. पेटी नेली नाही, पुढेही मागवली नाही.

त्या शनिवारी देवस्थळींकडे चार माणसं जेवायला होती. गप्पा रंगल्या तसा प्रल्हाद आपल्या दिवंगत वडिलांची नक्कल करू लागला, ते भाजीवाल्याशी कसे हुज्जत घालायचे त्याची. दर वेळी करतो, दर वेळी सगळे हसतात.

"प्रल्हाद, पुरे," वसुधा एकदम म्हणाली. हातातली वाटी तिनं ओट्यावर आपटली होती.

हसणं थांबलं. तिची पाठ टेबलाकडे होती.

"काय झालं गं?" मागून आवाज आला.

तो प्रल्हादचा की त्याच्या वडिलांचा, हे नीट कळेपर्यंत ती वळली नाही.